मांडीवरचा बूट

त्यानं बूट उचलला आणि माझ्या बापाच्या मांडीवर ठेवला.

बा एक गुडघा टेकून बसला होता, वरच्या मांडीवर कातडं बांधलेलं होतं. तासताना घोड्याचा खूर टेकवायला नाल ठोकणारा ते बांधतो. जाड, काळं पडलेलं, खिळ्यांच्या ओरखड्यांनी भरलेलं. त्या कातड्यावर रविवारी सकाळी, घोडेस्वारीच्या क्लबातल्या सगळ्या मंडळींसमोर, तपकिरी रंगाचा गुडघ्यापर्यंतचा बूट. टाचेला ओली माती आणि लीद. वरून आवाज आला, "अहो उस्ताद, आता ह्यालाही एक नाल ठोकून टाका."

सगळे हसले.

आवाजात राग नव्हता. शिवी नव्हती. अहो होतं, उस्ताद होतं. पुण्यात अपमानसुद्धा अहो-जाहो करून होतो. नंतर कुणाला सांगायला जावं, तर ऐकणारा विचारतो, मग त्यात एवढं काय झालं?

मी तिथंच होते. हातभर अंतरावर. माझ्या दोन्ही हातांत तांबड्या घोडीचा पुढचा पाय होता, दुमडून वर घेतलेला, खूर माझ्या मांडीला टेकलेला. आमच्या कामाला दोन माणसं लागतात. एक पाय धरतो, दुसरा नाल ठोकतो. बानं नुकताच एक खिळा मारला होता. नालातून शिरलेला खिळा खुराच्या बाजूनं बाहेर येतो. पकडीनं मोडेपर्यंत त्याचं टोक तसंच उघडं असतं, सुईसारखं. ते टोक माझ्या मांडीकडे होतं. मी हात सोडला असता तर घोडीनं झटक्यात पाय खाली घेतला असता आणि माझी मांडी उभी फाटली असती. घोडी बिथरून कुणाला तुडवती ते वेगळंच.

म्हणून मी धरून उभी राहिले. बापाच्या मांडीवर परक्याचा बूट, आणि माझे हात घोडीच्या पायाला अडकलेले. ओरडावंसं वाटलं. त्याचं तंगडं ओढून त्याला चिखलात पाडावंसं वाटलं. काहीच केलं नाही. करता येत नव्हतं.

बानं मान वर करून बघितलं. मला वाटलं, आता बा काहीतरी बोलेल. निदान बूट बाजूला सारेल. बानं खूर तासायची सुरी उचलली. बुटाच्या कडेची माती हलक्या हातानं खरवडली. डोक्याचा रुमाल सोडून बूट पुसला. म्हणाला, "झालं सायेब. नवा झाला."

आणि हसला.

गप्प राहिला असता तर मी समजून घेतलं असतं. मान खाली घातली असती तरी चाललं असतं. पण तो हसला, सगळ्यांच्यात मिसळून, जणू गंमत त्याचीही होती. त्या हसण्याचा मला इतका संताप आला की बूट ठेवणाऱ्याचाही तेवढा आला नव्हता. मग बानं वळून पकड घेतली, खिळ्याचं टोक मोडलं, पुढचा खिळा उचलला. काम पुढं चालू झालं.

बूट ठेवणारा क्लबच्या मालकांचा पुतण्या. सगळे त्याला धाकटे साहेब म्हणायचे. कॉम्प्युटर शिकत होता, अमेरिकेला जाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. क्लब खडकवासल्याच्या रस्त्याला, आत शेतात. पेठेतले डॉक्टर, वकील, त्यांची पोरं तिथं सुट्टीच्या दिवशी घोड्यावर बसायला यायची. वाईट माणसं नव्हती. घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला दिवाळीला मिठाई द्यायची. आम्हाला चहा मिळायचा, तबेल्याच्या मागच्या बाजूला, किटलीतून वरून ओतलेला. आमचे कप खिळ्याच्या डब्याशेजारी वेगळे असायचे. धुऊन परत तिथंच.

आम्ही घिसाडी. आमची माणसं गाढवांवर संसार लादून गावोगाव हिंडायची, विळे-कुऱ्हाडी करून द्यायची. आजोबा पुण्यात थांबले कारण पुण्यात टांगे होते. टांगे होते म्हणजे घोडे होते, घोडे होते म्हणजे नाल लागणारच. कसबा पेठेच्या कडेला एका लाकडाच्या वखारीला चिकटून आमची भट्टी होती. बा सांडशीत तापलेलं लोखंड धरायचा आणि आई घण मारायची. आमच्यात घण बायकाच मारतात. पोटात पोर असतानाही मारतात. मी झाले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत आई घण मारत होती, असं ती अभिमानानं सांगायची. मला त्यात अभिमान कधी दिसला नाही.

शाळेत एकदा बाईंनी माझी वही उचलून वर्गाला दाखवली. "ही अशी घिसाडघाई करायची नाही." बाईंच्या मनात काही नसेल. शब्दच तसा आहे, तुमच्या सगळ्यांच्या तोंडात असतो. गबाळं, घाईघाईत उरकलेलं काम म्हणजे आमचं काम. वर्गातली सगळी तोंडं एकाच वेळी माझ्याकडे वळली. मी त्या दिवसापासून फार सावकाश लिहायला लागले. इतकं की परीक्षेत पेपर पुरा व्हायचा नाही. सातवीत शाळा सुटली आणि मी बाच्या हाताखाली पाय धरायला लागले.

तर त्या रविवारी आम्ही बसनं परत निघालो. बाच्या मांडीवर हत्यारांची पिशवी होती. बस शहरात शिरली. मग मी विचारलं, "हसलास कशाला?"

बा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पोटासाठी करावं लागतं, बाय. त्यानं काय मुद्दाम न्हाई केलं. पोरसवदा हाय."

तो माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता. मला मात्र कुणी पोरसवदा म्हणत नव्हतं.

घरी गेल्यावर बानं कातडं ओल्या फडक्यानं पुसलं, तेल लावलं आणि खुंटीला टांगलं. रोजच्यासारखंच. मी आईशेजारी बसून सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं. मग मी जे सकाळपासून मनात घोळवत होते ते बोलले. "उद्यापासून मी पाय धरणार नाही. मी नाल ठोकणार."

घरात आमची बोली वेगळी आहे. इथं मराठीतच सांगते. बा म्हणाला, "बायामाणसं नाल ठोकत न्हाईत."

आई म्हणाली, "आन् घण? त्यो मारत्यात ते चालतं व्हय? आठ शेराचा घण माझ्या हातात चालतो, मंग तिच्या हातात हातोडी का न्हाई चालत?"

बानं मला विचारलं, कशाला पाहिजे. मी खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण असं होतं की पाय धरणाऱ्याला पाय सोडता येत नाही. काहीही झालं तरी. नाल ठोकणारा मात्र केव्हाही हातोडी खाली ठेवून म्हणू शकतो, सोड. पाय खाली कधी येणार हे त्याच्या हातात असतं. मला ते माझ्या हातात पाहिजे होतं. दुसरं काही नको होतं.

मी टांग्याच्या घोड्यांवर शिकले. ते बिचारे म्हातारे, सोसणारे. टांगेवाले तोंड वाकडं करायचे. "पोरगी घोडा लंगडा करंल," म्हणायचे आणि मी नाल ठोकेपर्यंत डोक्यावर उभे राहायचे. बा शिकवताना खूप बोलत नसे. पहिल्याच दिवशी मी घोड्याच्या पायाला हात घालून ओढायला लागले, तर त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, "वढायचा न्हाई. मागायचा." खांद्यापासून हात खाली आणायचा, सावकाश. घोट्यापाशी थांबायचं. घोडा अंगाचा भार दुसऱ्या पायावर घेतो, मग पाय आपोआप हलका होतो. तेव्हाच उचलायचा. नाही दिला तर परत खांद्यापासून सुरू करायचं.

हे शिकताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहायची. जनावराला आपण विचारतो. बाला कुणी विचारलं नाही. आम्हाला कुणी कधीच काही विचारलं नाही.

मग टांगे गेले. एकदम नाही, एक एक करून गेले. रिक्षा वाढल्या, सगळ्यांच्या दारात स्कूटरी आल्या. घोडे विकले गेले, टांगेवाल्यांची पोरं कुरिअरच्या पिशव्या घेऊन फिरायला लागली. वखार मोडली. आमची भट्टी होती तिथं एक कॉम्प्युटर क्लास आला. काचेचं दार, आत थंड हवा, दारात चपलांची रांग. मी एकदा मुद्दाम आत डोकावले. जिथं ऐरण होती तिथं एक मुलगी पडद्याकडे बघत बसली होती. मला वाटलं तिला सांगावं, तुझ्या खुर्चीखालची जमीन अजून काळी असेल. सांगितलं नाही.

आम्ही बिबवेवाडीच्या वर, टेकडीला लागून पत्र्याच्या खोलीत राहायला गेलो. आई तिथंच वारली. आता महिन्याचं नक्की काम एकच उरलं होतं, खडकवासल्याच्या रस्त्यावरचा तो क्लब. लग्नातल्या घोड्यांचं काम यायचं, पण ते हंगामापुरतं. बाची कंबर वाकली होती, नजर कमी झाली होती. आता नाल मी ठोकायचे आणि बा पाय धरायचा. क्लबातल्या लोकांना सवय झाली. पाहुण्यांना सांगायचे, आमच्याकडे लेडी नालबंद आहे. फोटो काढायचे. कप मात्र वेगळेच होते. मी एकदा आमचे दोन कप उचलून बाकीच्या कपांत ठेवून आले. पुढच्या खेपेला ते परत खिळ्याच्या डब्याशेजारी होते.

धाकटे साहेब अमेरिकेहून परत आले. डोक्यावरचे केस कमी झालेले. हिंजवडीकडे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यातली एक त्यांच्या कंपनीची. क्लबही आता त्यांचाच होता, काका थकले होते. कंपनीच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि त्यांनी ठरवलं होतं की आपण घोड्यावरून जायचं. फेटा, ढोल-ताशा, अमेरिकेचे पाहुणे. क्लबातला पांढरा घोडा सकाळी नाल ठोकून तयार करायचा, दुपारी गाडीत घालून न्यायचा, संध्याकाळी मिरवणूक. सगळा डांबरी रस्ता. खुराला नाल नसेल तर त्या रस्त्यावर घोडा चालवायचा नसतो, हे त्यांनाही माहीत होतं.

"घिसाडघाई करू नका हं," ते मला म्हणाले. "संध्याकाळी कॅमेरे असणार आहेत." आणि छान हसले.

मी तीन पाय पुरे केले. चौथा, पुढचा डावा, चालू होता. बानं पाय धरलेला. मी एक गुडघा जमिनीला टेकून बसले होते, दुसरी मांडी वर, त्यावर कातडं. तेच कातडं. खिळा मारला, त्याचं टोक बाहेर आलं. तेवढ्यात साहेब त्यांच्या मुलीला घेऊन आले. सात-आठ वर्षांची, डोक्यावर हेल्मेट, पायांत नवे कोरे बूट.

"डॅडी, हर्ट होतं का त्याला?"

"नाही गं. नखं कापल्यासारखं असतं. तुलापण करायचंय?" ते म्हणाले. "ठेव पाय इथे. ठेव, त्या काही म्हणत नाहीत. आन्टी, हिलाही एक नाल ठोकून टाका."

पोरीनं पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

हात थांबला. तेच वाक्य, तोच लाडिक आवाज. आमच्याकडे बापाकडून लेकीकडे धंदा आला होता. त्यांच्याकडे हे आलं होतं. मी वर बघितलं तर बा माझ्याकडेच बघत होता. त्याच्या दोन्ही हातांत घोड्याचा पाय, खिळ्याचं उघडं टोक त्याच्या मांडीकडे. तो हलू शकत नव्हता. तो फार हळू बोलला, "लेकरू हाय, बाय. पुस आन् दे पाठवून."

मी आधी पकड घेतली आणि खिळ्याचं टोक मोडलं. बाला इजा व्हायला नको होती. मग पोरीकडे बघितलं. तिच्यावर माझा राग नव्हता, खरंच नव्हता. मी म्हटलं, "बाळा, पाय खाली ठेव." तिनं लगेच ठेवला. शहाणी होती. सांगितल्यावर कळलं तिला.

साहेब म्हणाले, "अगं ठेव, काही होत नाही. गंमत चाललीय."

मी उभी राहिले नाही. तिथंच बसून, नुकताच मारलेला खिळा पकडीत धरला आणि उपटला. मग आधीचा. मग नाल सुटा केला आणि पिशवीत टाकला. बाला म्हटलं, सोड. बानं पाय खाली ठेवला. मला उठून निघून जाता आलं असतं. पण तीन पायांत नाल आणि एक उघडा, असा घोडा आम्ही सोडत नाही. त्याची चाल बिघडते, खांदा भरतो. आजोबांपासूनचा नियम आहे, आणि तो आमचा नियम त्यांनाही ठाऊक होता. कितीही बोला, ठोकायला बसलेला घिसाडी अर्ध्यावर उठत नाही. त्याच भरवशावर तर ते आमच्या मांडीवर पाय ठेवत होते.

मी घोड्याच्या दुसऱ्या बाजूला गेले. खांद्यापासून हात खाली आणला. त्यानं पाय दिला. बाला म्हटलं, "धर."

बाला वाटलं काही राहिलंय. त्यानं धरला. मी खिळ्यांची मोडून वळवलेली टोकं सरळ केली आणि खिळे काढायला लागले.

"काय करताय?" साहेबांनी विचारलं.

"काढतेय."

"का पण? अहो, संध्याकाळी मिरवणूक आहे."

"माहीत आहे."

त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच अहोचं अहोपण राहिलं नाही. "हे बघा, लहान मुलगी आहे ती. गमतीत घ्यायचं. तुमच्या वडिलांनी इतक्या वर्षांत कधी असा तमाशा केला नाही."

"त्यांच्या मांडीवर तुम्ही बूट ठेवला होता," मी म्हटलं. "असाच. ह्याच कातड्यावर."

त्यांनी कातड्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मी? मला नाही आठवत."

ते खोटं बोलत नव्हते. मी तोंड बघितलं ना. त्यांना खरंच आठवत नव्हतं. मी इतकी वर्षं त्या बुटासकट जगले. त्याच्यासाठी हातोडी हातात घेतली, त्याच्यासाठी टांगेवाल्यांची बोलणी खाल्ली, आणि त्यांच्यासाठी ती एका रविवारची गंमत होती, दुपारच्या जेवणापर्यंत विसरलेली. हे ऐकून मला जे झालं ते बुटानंही झालं नव्हतं. पण हात चालू होते. हाताला काम माहीत होतं.

"आम्हाला आठवतं," मी म्हटलं आणि दुसरा नाल पिशवीत टाकला.

मागचे दोन्ही पाय राहिले होते. बा प्रत्येक वेळी पाय धरत होता. तोंडानं पुटपुटत होता, नको बाय, नको, पोटावर पाय देऊ नगस. पण हात सोडत नव्हता, कारण पाय धरला की सोडायचा नसतो. मी सावकाश काढले. खूर कुठं चिरला नाही, कडा फुटली नाही. कानस फिरवून चारही खूर गोल केले. घोडा आपला उभा, कान हलवत. मोतद्दार लांब उभा राहून बघत होता. मी त्याला सांगितलं, "मातीवर राहू दे. डांबरावर नेऊ नको, खूर फुटतील." त्यानं मान हलवली.

साहेब फोनवर बोलत फिरत होते. दुसरा नालबंद शोधत होते. संध्याकाळपर्यंत कुठला मिळतोय. आम्ही निघताना ते म्हणाले, "ह्यापुढे इथे यायचं नाही." मी म्हटलं, "नाही येणार." मजुरी मागितली नाही. आमचे दोन कप तेवढे खिळ्याच्या डब्याशेजारून उचलले आणि पिशवीत घातले.

घरी आल्यावर बा बोलला. "अर्धं काम टाकून कोन येतं का? माझ्या बापानं आसं कधी केलं न्हाई."

"अर्धं टाकलं नाही," मी म्हटलं. "होतं तेही काढून आणलं."

बरेच दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. आणि पोटाबद्दल तो चुकीचं सांगत नव्हता. क्लब गेला तेव्हा चूल थंडावली. मी बिबवेवाडीत एका वर्कशॉपमध्ये लोखंडी जाळ्या घासायचं काम केलं. हात सोलून निघाले. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी सत्कार केला नाही. त्या संध्याकाळी साहेब गाडीतून गेले म्हणे, उद्घाटन व्यवस्थित पार पडलं. त्यांचं काही अडलं नाही.

आता परत नाल ठोकते. लग्नाचे घोडे, गावाकडच्या शर्यतीचे घोडे, कुणी हौसेनं पाळलेले. मोपेडच्या पुढं पिशवी ठेवते आणि जाते. बाकडं, चहा, कप माझे वेगळे तर नाहीत ना, ते आधी बघून घेते. बा आता पाय धरू शकत नाही, दारात बसून असतो. अजून म्हणतो, त्या दिवशी चुकलीस. म्हणू दे. त्याला हसावं लागलं होतं, ते मी आता समजून घेतलंय. पण त्याचं हसणं मी पुढं चालवणार नाही.

कातडं तेच आहे. रोज मांडीला बांधते. त्यावर घोड्याचा पाय येईल, मी मागितल्यावर आणि त्यानं दिल्यावर. माणसाचा पाय येणार नाही. गमतीतही नाही, लहान लेकराचाही नाही. कुणी ठेवला, तर मी परत चारही काढीन.